अडीचशे शब्दांतला ‘मी’

आत्मकथन या वाङ्मयप्रकाराची आपण जेवढी चिकित्सा केली तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रकाराची केली असेल. ‘बलुतं’ १९७८ साली आले, ‘उपरा’ १९८० साली, ‘अक्करमाशी’ १९८४ साली. त्यांतला ‘मी’ व्यक्तीचा की वस्तीचा, तो कोणाला उद्देशून बोलतो, तो वेदना सांगतो की वेदनेचे प्रदर्शन मांडतो, यावर चर्चासत्रे झाली, भांडणे झाली, प्रबंध झाले. पण आज आपल्या घरांतली शिकणारी मुले-मुली सर्वांत जास्त आत्मकथन कुठे लिहितात, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर ग्रंथालयात सापडणार नाही. ती ते अर्जात लिहितात. शिष्यवृत्तीच्या अर्जात, फेलोशिपच्या अर्जात, आणि कायदा शिकणारी असतील तर लॉ फर्ममधल्या इंटर्नशिपच्या आणि उमेदवारीच्या अर्जात. इंग्रजीत, अडीचशे शब्दांत, शेवटच्या तारखेला रात्री बाराच्या आत. या लेखनाचा वाचक एकच, निवड करणारा. आणि तो आपले मत लेखकाला कधी कळवीत नाही.

मी पुण्यात मराठी शिकवते. रविवारी दुपारी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत काही मुलांबरोबर बसते. टिळक रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांतून अशा अभ्यासिका दाटीने उभ्या आहेत. बहुतेकांत स्पर्धा परीक्षेची मुले, मराठवाड्यातली, विदर्भातली, खानदेशातली. त्यांच्यातच कायद्याची मुले असतात. सकाळी कॉलेज, मग कुठेतरी अर्धवेळ काम, आणि संध्याकाळपासून खुर्ची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्यामुळे असेल, मुलांना माझ्यापुढे कागद ठेवायला संकोच वाटत नाही. गेल्या तीन-चार वर्षांत अशी साठ-सत्तर उत्तरे मी वाचली. हे टिपण म्हणजे त्या उत्तरांची समीक्षा आहे, आणि त्याहून अधिक त्या प्रश्नांची.

आधी व्यवहार समजून घेऊ. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधिशिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान वीस आठवडे इंटर्नशिप करावी लागते. वकिलाकडे करा, न्यायाधीशाकडे करा, स्वयंसेवी संस्थेत करा, कंपनीत करा, लॉ फर्ममध्ये करा. म्हणजे इंटर्नशिप सर्वांना सक्तीची, पण ती कुठे मिळेल हे ज्याच्या त्याच्या ओळखीवर. ज्याचा मामा वकील आहे त्याचा प्रश्न दिवाळीच्या फराळालाच सुटतो. ज्याचा मामा वीटभट्टीवर आहे तो अर्ज भरतो. मोठ्या फर्मचे अर्ज आता संगणकावर भरायचे असतात आणि त्यांतले प्रश्न थोड्या फरकाने सगळीकडे तेच. तुम्ही कायदा का निवडला? आमचीच फर्म का? तुम्ही नेतृत्व केले असा एक प्रसंग सांगा. तुमच्यापुढे आलेले एक आव्हान आणि त्यावर तुम्ही केलेली मात सांगा. अलीकडचा एखादा व्यापारी व्यवहार निवडून त्यावर भाष्य करा. छंद कोणते? कुटुंबात कोणी या व्यवसायात आहे काय? शेवटच्या प्रश्नाला कारण आहे, हे मान्य करू. नातेवाईक विरुद्ध बाजूचा वकील किंवा पक्षकार असेल तर फर्मला ते आधी कळले पाहिजे. पण ‘नाही’ एवढे एकच अक्षरजोड लिहिताना मुलांचा हात का अडतो, हेही समजून घेतले पाहिजे.

सदाशिव पेठेत आलेल्या मुलाला अर्जाचे प्रश्न नवे नसतात. खोली शोधताना त्याने ते सगळे तोंडी दिलेले असतात. नाव काय? पूर्ण नाव? गाव कुठले? गावात घर कुठे? मांसाहार करता का? इथे आडनाव हे उत्तर असते आणि पुढचे प्रश्न त्याची खातरजमा. सगळीच घरे अशी असे मी म्हणत नाही. पण एका वाक्यात नकार मिळालेली मुले मला दर वर्षी भेटतात. ‘खोली कालच गेली’ हे ते वाक्य. नकाराचे कारण कधीच लिहून मिळत नाही, हे खोलीचे आणि फर्मचे समान सूत्र. फरक एवढाच की घरमालकाला तुमची जात जाणून घ्यायची असते, आणि फर्मला तुमची कथा.

आता उत्तरांकडे वळू. ‘आव्हानावर मात’ या प्रश्नाला आलेल्या उत्तरांपैकी निम्म्याहून अधिक एकाच वाक्याने सुरू होतात: मी एका ‘हंबल बॅकग्राउंड’मधून आलो आहे. हे वाक्य मुलांनी स्वतः घडवलेले नाही. ते त्यांना आधीच्या तुकडीकडून मिळते, झेरॉक्सच्या दुकानातून मिळते, आता तर संगणक मागेल तितक्या प्रती काढून देतो. त्याचे मराठी करून पाहा. ‘नम्र पार्श्वभूमी’. पार्श्वभूमी नम्र कशी होते? तिला कोणी नमवले? कर्ता कुठे गेला? गावकुसाबाहेरचे घर, पाणवठ्याची वेगळी वेळ, बापाला एकेरीत हाक मारणारा पोरगेला मालक, हे सगळे या दोन शब्दांत असे विरघळते की मागे कोणताच गुन्हेगार उरत नाही. उरते फक्त गरिबी, तीही पावसासारखी आपोआप पडलेली. जातीच्या जागी ‘आर्थिक अडचण’ असा शब्द ठेवला की वाचणाऱ्याला बरे वाटते आणि लिहिणाऱ्याला सुरक्षित वाटते. मुले हे भीतीने करतात आणि त्यांची भीती खोटी नाही. परंतु समीक्षेच्या दृष्टीने पाहिले तर हे लेखन निर्जीव आहे. ज्याला खूप सांगण्यासारखे आहे त्याचे लेखन ज्याला काहीच सांगण्यासारखे नाही त्याच्यासारखे दिसू लागते. तिथे तो हरतो.

दुसरा प्रकार याच्या नेमका उलट. एका मुलाला कोणीतरी सांगितले की हल्ली फर्मना वैविध्य हवे असते, तेव्हा दुःख भरपूर लिही. त्याने आईच्या मोलमजुरीपासून स्वतःच्या उपासापर्यंत सगळे लिहिले आणि शेवटी ‘या सर्वांनी मला कणखर बनवले’ असे जोडले. हे शेवटचे वाक्य त्याचे नव्हते. ते प्रश्नाने वसूल केलेले होते. ‘मात’ विचारल्यावर मात सांगावीच लागते. या अर्जांसाठी एक साचा शिकवला जातो: आधी परिस्थिती, मग तुमच्यावर आलेले काम, मग तुमची कृती, मग निष्पत्ती. त्याबरोबर एक सूचना असते की ‘आम्ही’ लिहू नका, ‘मी’ लिहा. म्हणजे अडीचशे शब्दांत नायक एकच, शेवट सुखान्त, आणि दुःखाची किंमत त्यातून निघालेल्या गुणावर ठरणार. आपल्या आत्मकथनांनी नेमके हेच नाकारले होते. त्यांत ‘मी’ शिकला, शहरात आला, नोकरीला लागला, तरी निष्पत्ती म्हणून काही हाती लागत नाही. मागे राहिलेली वस्ती पानापानांतून त्याच्याबरोबर चालत असते.

बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे लेखन या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेले, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केलेले. नावच अर्जाचे आहे, परवान्याची वाट पाहण्याचे. आणि आत काय आहे? प्रश्न आणि नोंदवह्या. मसूरच्या स्थानकावर उतरलेल्या नटूनथटून आलेल्या मुलांना स्टेशनमास्तर विचारतो, तुम्ही कोण. एक शब्दाचे उत्तर मिळते आणि त्याचा चेहरा पालटतो. परदेशातून शिकून आलेला तरुण १९१७ साली बडोद्यात राहायला जागा शोधतो, आणि पारशांच्या विश्रामगृहात राहता यावे म्हणून नोंदवहीत पारशी नाव लिहिले जाते. खोटे नाव लिहून मिळालेली जागा अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने काढून घेतली. पुढे १९२९ चे चाळीसगाव आणि टांगा, १९३४ चा दौलताबादचा हौद. कुठेही ‘यातून मी हे शिकलो’ नाही. कणखरपणा नाही, मात नाही. स्थळ आहे, साल आहे, कोण काय म्हणाले ते आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सहांपैकी शेवटची दोन प्रकरणे त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातली नाहीतच. एक काठेवाडातल्या शिक्षकाच्या बाळंत पत्नीचे आणि तिला हात न लावणाऱ्या डॉक्टरचे, दुसरे खेडा जिल्ह्यातल्या एका तरुण तलाठ्याचे. स्वतःविषयी लिहायला बसलेला माणूस दुसऱ्यांच्या साक्षी जोडतो. हा वकिलाचा ‘मी’ आहे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा, ज्याने पाहिले त्याने पाहिले म्हणून सांगावे, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. मुलांना मी सांगते, जात लिहायची की नाही हा निर्णय सर्वस्वी तुमचा. पण लिहिलीत तर विशेषण म्हणून लिहू नका, घटना म्हणून लिहा.

आणि कृतीविषयी. तो साचा मला सबंध टाकाऊ वाटत नाही. ‘कृती’ ही त्यातली जागा आपल्या मुलांकडे भरलेली असते आणि तीच ती रिकामी सोडतात. एका मुलाने नेतृत्वाच्या प्रश्नाला महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांना पुष्पगुच्छ दिल्याचा प्रसंग लिहिला होता. बोलता बोलता कळले की गावच्या जयंती समितीचा हिशेब चार वर्षे त्याच्याकडे आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा अर्ज पोलीस ठाण्यात तो देतो, मार्गाचा नकाशा जोडतो, ध्वनिक्षेपकाची परवानगी काढतो. एका वर्षी मार्ग बदला म्हणून दबाव आला तेव्हा त्याने दोन्ही बाजूंना बसवून आधीच्या वर्षांच्या परवानग्यांच्या प्रती पुढे ठेवल्या. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला मुद्दा त्याला पाठ होता, कारण दहाला पाच मिनिटे असताना आपल्याच तरुणांशी भांडून तो वाजवणे थांबवत होता. वर्गणीच्या पावत्यांची स्थळप्रत अजून त्याच्या आईच्या पेटीत आहे. हे नेतृत्व नव्हे तर काय? पण ‘जयंती’ हा शब्द इंग्रजी अर्जात बसतो की नाही याची त्याला खात्री नव्हती. पुष्पगुच्छ बसतो.

व्यापारी व्यवहाराच्या प्रश्नावर आणखी एक उदाहरण देते, कारण या प्रश्नाने मुले सर्वांत जास्त खचतात. त्यांना वाटते की इथे शेअरबाजार, दोन कंपन्यांचे विलीनीकरण, इंग्रजी अर्थपत्रातला मथळा, असेच काहीतरी हवे. एका मुलीने तसे लिहिले होते. शब्द सगळे बरोबर, समज उसनी. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. मी तिला विचारले, उचल कशी ठरते ते सांग. तिने वही ओढून घेतली आणि आकृती काढली. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो. वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो. मुकादम कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, हंगामाआधी उचल देतो. तोडलेल्या टनामागे दर ठरलेला. उचल त्यातून फिटायची. एक दिवस काम बुडाले की खाडा, तो कापला जातो. आजारपण असो, पाळी असो, बाळंतपण असो. हंगाम संपताना पैसे फिटले नाहीत तर बाकी पुढच्या वर्षावर, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे भाग. कागद होतो तो वरच्या टप्प्यांवर. खाली बहुधा कोऱ्या कागदावरचा अंगठा. आणि अपघात झाला की कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नव्हेत.

मी म्हटले, आता याला तुझ्या पुस्तकातली नावे दे. ती देऊ लागली. तीन करारांची साखळी, आणि सगळा धोका साखळीच्या शेवटच्या कडीवर. ज्याच्याशी करार नाही त्याच्यावर दावा लावताना येणारी अडचण. आगाऊ रकमेच्या बदल्यात काम सोडून जाण्याचे स्वातंत्र्य गेले तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा कुठे लागू होतो. कारखाना मुख्य मालक ठरेल काय. भांडवल कोणाचे, व्याज कोणाच्या अंगावर, हमी कोणाची. मला करारकायदा येत नाही. पण एखाद्या माणसाला विषय येतो की नाही हे शिक्षकाला ऐकून कळते. तिने ते उत्तर अडीचशे शब्दांत बसवले. ‘आमच्या’ हा शब्द त्यात दोनदा आला आणि तिने तो ठेवला. ‘हंबल’ कुठेही आला नाही, कारण त्याला जागाच उरली नव्हती.

यावर आमच्या एका कार्यकर्त्या मित्राचा आक्षेप आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. त्यांचे म्हणणे असे: या फर्म भांडवलाच्या आहेत, आपली मुले तिथे पाठवण्यासाठी एवढी शक्ती का खर्च करायची? तालुक्याच्या कोर्टात अत्याचाराच्या खटल्याला उभा राहणारा वकील आपल्याला हवा आहे. त्यांना मी एवढेच म्हणेन की तालुक्याच्या कोर्टात आपला पक्षकार जो कागद घेऊन उभा असतो, जमिनीचा, कर्जाचा, कंत्राटी नोकरीचा, तो कागद अशाच कचेऱ्यांतून लिहिला गेलेला असतो. तो कसा लिहितात हे आपल्यापैकी कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे. शिवाय तालुक्याची वाट नेहमी आपल्याच मुलांना का दाखवायची? तिथल्या कोर्टाची भाषा मराठी, उच्च न्यायालयाची इंग्रजी. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा केवळ इंग्रजीत, राज्याची सीईटी मराठीतही. भाषेने आधीच एक वाटणी करून ठेवली आहे. तिच्यावर आपण ध्येयवादाचा शिक्का कशाला मारायचा?

पुण्याला याची आठवण असायला हवी. दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ १९२५ साली प्रसिद्ध झाले. टिळक-चिपळूणकरांवरील टीकेवरून अब्रुनुकसानीचा खटला झाला. जवळकर, केशवराव जेधे आदींना खालच्या कोर्टाने शिक्षा दिली आणि १९२६ साली सेशन कोर्टातल्या अपिलात ते सुटले. अपिलात त्यांची बाजू मांडली ती बाबासाहेबांनी. वकिली सुरू करून त्यांना तीन वर्षे झाली होती. त्या काळी मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत सॉलिसिटरमार्फतच बॅरिस्टरकडे काम येई, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे सॉलिसिटर फिरकत नसत. त्यांना कोणी अडीचशे शब्दांचा निबंध मागितला नाही हे खरे. पण दार तेच होते. सनदेच्या पैशासाठी नवल भथेना या मित्राची मदत घ्यावी लागली, हेही त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे.

सनदेचा पैसा हा विषय जुना झालेला नाही. वकील कायद्याने नोंदणीचे शुल्क साधारण उमेदवाराला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये ठरवलेले असताना राज्यांच्या बार कौन्सिल नाना नावांनी हजारो रुपये घेत होत्या. ओडिशात आकडा ४२,१०० वर गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी, गौरव कुमार प्रकरणात, कायद्यातल्या आकड्याहून एक रुपयाही जास्त घेता येणार नाही असे सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. शिफारस, सक्ती नव्हे. आणि तीही सनद मिळालेल्यांसाठी. इंटर्न त्यात नाही. मुंबईत चार आठवडे फुकट काम करायचे तर कॉट, लोकल, खानावळ आणि त्या महिन्यात बुडालेली अर्धवेळ नोकरी, हा हिशेब कोणत्याच अर्जात विचारलेला नसतो. निवड झाल्यावर जागा सोडून दिलेली दोन मुले मला माहीत आहेत. फर्मच्या दफ्तरात त्यांची नोंद ‘उमेदवाराने नकार दिला’ अशी असेल.

अर्जाच्या शेवटी बहुधा एक चौकट असते: तुम्हाला आम्हाला काही विचारायचे आहे काय? साठ-सत्तर अर्जांत ती मी कोरी पाहिली किंवा स्तुतीने भरलेली पाहिली. ऊसतोडीवर लिहिणाऱ्या मुलीने तीत दोन ओळी लिहिल्या. इंटर्नला विद्यावेतन आहे का, आणि ते महिन्याच्या सुरुवातीला मिळते की शेवटी? अभ्यासिकेत त्यावरून बराच वाद झाला. असे विचारल्याने अर्ज बाद होईल, असे काहींचे म्हणणे होते. वादातून मुलांनी त्या चौकटीसाठी आणखी प्रश्न काढले आणि भिंतीवरच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवले. गेल्या वर्षी घेतलेल्या इंटर्नपैकी राज्य विद्यापीठांच्या महाविद्यालयांतले किती होते? अर्ज वाचणाऱ्यांत मराठी समजणारे कोणी असते का? ओळखीने आलेले आणि अर्जाने आलेले यांची नोंद वेगळी ठेवता का? ज्यांना नाकारले त्यांना कारण कळवता का?